बीकेसीतील सायकल ट्रॅक आणि तिसरी मार्गिका: एक प्रकरण अभ्यास

वांद्रे-कुर्ला संकुलातील (बीकेसीतील) रस्त्यांच्या कडेचे सायकल ट्रॅक काढून ती जागा मोटारींच्या वाहतुकीसाठी वापरण्याचा निर्णय मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, २०२५ मध्ये घेतला. प्राधिकरणाने त्या वेळी सांगितलेल्या माहितीनुसार, दुतर्फा रस्त्यांवर प्रत्येक दिशेला दोनऐवजी तीन मार्गिका मिळतील, रस्त्याची क्षमता ताशी ६०० ते ९०० ‘पीसीयू’ने (मोटारीच्या तुलनेत वाहने मोजण्याच्या एककाने) वाढेल, आणि गर्दीच्या वेळी दहा मिनिटे लागणाऱ्या अंतराला सात मिनिटे पुरतील. वाहने कमी वेळ खोळंबतील, म्हणून कार्बन उत्सर्जनही घटेल, असे त्याला जोडून सांगण्यात आले. सायकलप्रेमींनी आणि शहर नियोजनाच्या काही अभ्यासकांनी यावर टीका केली, तर संध्याकाळी कलानगरच्या दिशेने तासन्‌तास सरकणाऱ्या रांगेत अडकणाऱ्या अनेकांनी ‘तसेही तिथे कोण सायकल चालवत होते’ असे म्हणून निर्णयाचे स्वागत केले.

या प्रश्नाचे उत्तर ‘फारसे कुणी नाही’ असेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ट्रॅक रिकामा होता हे एक निरीक्षण झाले. तो का रिकामा राहिला हा निदानाचा भाग आहे, आणि या प्रकरणात निदान न करताच शस्त्रक्रिया उरकण्यात आली, असे माझे मत आहे. ज्या कारणांनी सायकल ट्रॅक निकामी झाला, त्यांतील बहुतेक कारणे नव्या मार्गिकेलाही तशीच लागू आहेत. ती कारणे आधी पाहणे आवश्यक आहे.

संकुलाची रचना आणि भोवतालचे रस्ते

१९७७ मध्ये एमएमआरडीएची या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. मिठी नदीच्या काठची सुमारे ३७० हेक्टर सखल, दलदलीची जमीन टप्प्याटप्प्याने विकसित करून दक्षिण मुंबईतील कार्यालयांचा भार तिकडे वळवणे हा मूळ हेतू होता. राष्ट्रीय शेअर बाजार, भारत डायमंड बोर्स, बँकांची मुख्यालये, अमेरिकी वकिलात, जिल्हाधिकारी कार्यालय, कौटुंबिक न्यायालय असे एकेक करत संकुल भरले आणि मूळ हेतू बऱ्यापैकी साध्य झाला. एवढी माणसे रोज येणार कशी, या प्रश्नाचे उत्तर मात्र दीर्घ काळ दोन रेल्वे स्थानकांवर आणि तिथल्या शेअर रिक्षांवर सोपवलेले राहिले. पश्चिमेकडे वांद्रे आणि पूर्वेकडे कुर्ला ही दोन्ही स्थानके संकुलाच्या हद्दीबाहेर आहेत. चालत जायला लांब आणि गाडीने जायला हास्यास्पद वाटावे इतके जवळ, असे ते अंतर आहे. नियोजनाच्या पाठ्यपुस्तकात सायकलसाठी याहून अनुकूल अंतर सापडणार नाही.

दुसरी गोष्ट चर्चेत फारशी येत नाही. बीकेसीतून जाणारी सगळी वाहतूक बीकेसीची नाही. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये आणि बीकेसी-चुनाभट्टी उन्नत मार्ग २०१९ मध्ये सुरू झाल्यावर पूर्व उपनगरांतून पश्चिमेकडे आणि उलट जाणाऱ्यांना संकुलातून एक सोयीची वाट मिळाली. त्यात शीवचा रेल्वेवरील जुना उड्डाणपूल पाडण्यासाठी ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला, आणि धारावी-शीवमार्गे जाणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा कुर्ला व बीकेसीच्या रस्त्यांवर आला. मेट्रो आणि बुलेट ट्रेनच्या कामांसाठी उभारलेले पत्र्यांचे अडथळे वेगळेच. म्हणजे ज्या कोंडीवर उपाय म्हणून सायकल ट्रॅक काढला गेला, तिच्या कारणांपैकी काही तात्पुरती होती आणि काही संकुलाच्या बाहेर होती. शीवचा पूल बांधून झाल्यावर ती वाहतूक मागे वळेल. उखडलेला ट्रॅक परत येण्याची शक्यता मात्र मुंबईचा अनुभव पाहता नगण्य आहे.

ट्रॅक रिकामा का राहिला

सुमारे दीड दशकापूर्वी संकुलातील प्रमुख रस्त्यांच्या कडेला पदपथालगत सायकलसाठी वेगळी पट्टी आखण्यात आली. कागदावर ही गोष्ट काळाच्या पुढची होती. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना केंद्रस्थानी ठेवून वाटावी असे म्हटले होते, आणि मुंबईत त्या धोरणाला अनुसरून प्रत्यक्ष जमिनीवर काही दिसले ते सर्वप्रथम अशाच काही मोजक्या ठिकाणी.

पण ही पट्टी संकुलाच्या आत सुरू होत होती आणि आतच संपत होती. वांद्रे पूर्वेच्या स्थानकातून बाहेर पडलेल्या माणसाला आधी रिक्षांची गर्दी, मग कलानगरचा चौक आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाखालची वाहतूक ओलांडावी लागते. कुर्ल्याच्या बाजूने यावे तर लालबहादूर शास्त्री मार्ग आणि सीएसटी रोड यांवर सायकलस्वाराला हातभर जागा मिळणे मुश्कील. कलानगरच्या चौकाची पायी चालणाऱ्यांना धास्ती वाटते हे ओळखून एमएमआरडीएने २००८ मध्ये वांद्रे स्थानक ते कलानगर हा मुंबईतील पहिला स्कायवॉक बांधला होता. चालणाऱ्यांची अडचण जिथे मान्य झाली, तिथेच सायकलस्वाराची अडचण कुणाच्या गणतीत आली नाही. ज्या टप्प्यात संरक्षणाची खरी गरज होती तिथे ट्रॅक नव्हता, आणि जिथे रस्ते तुलनेने रुंद व सरळ होते तिथे तो होता. नदीच्या मधोमध बांधलेला, दोन्ही काठांना न टेकलेला पूल कुणी वापरत नाही म्हणून पाडावा, तसा हा युक्तिवाद आहे.

संकुलाच्या आतसुद्धा ट्रॅक सलग नव्हता. इमारतींच्या प्रवेशद्वारांशी तो तुटे, चौकात नाहीसा होई. उरलेल्या तुकड्यांवर मोटारी उभ्या राहत, सामान पोहोचवणाऱ्यांच्या दुचाकी लावल्या जात, ग्राहकाची वाट पाहणाऱ्या टॅक्सी थांबत. कर्मचाऱ्यांच्या संख्येच्या मानाने चहा-नाश्त्याची स्वस्त सोय नसलेल्या या संकुलात ठेले आणि टपऱ्या कडेलाच लागणार, हे उघड होते. या सगळ्याला ‘अतिक्रमण’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. गाड्या थांबवायला जागा आखलेली नसेल आणि दंडाची भीती नसेल, तर रस्त्याची जी कडा सर्वांत कमी विरोध करते तिथे गाडी उभी राहते. बीकेसीत ती कडा सायकलची होती.

आणि तरीही काही लोक सायकल चालवत होते. भल्या सकाळी कॅरिअरवर अ‍ॅल्युमिनियमचे पातेले बांधून येणारे इडलीवाले, हँडलला थर्मास अडकवून एका इमारतीच्या फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत फिरणारे चहावाले, पाळी संपवून भारत नगरकडे, बेहरामपाड्याकडे किंवा धारावीकडे परतणारे सुरक्षारक्षक, पाव-अंडी पोहोचवणारे, डबेवाले. मुंबईत सायकल हे मुख्यतः याच लोकांचे वाहन आहे. हे लोक मोजणीच्या वेळी सहसा दिसत नाहीत, कारण त्यांची ये-जा कार्यालयीन वेळेच्या आधी किंवा नंतर असते, आणि दिसले तरी त्यांच्याकडे पाहून कुणाला ‘सायकलिंग’ हा शब्द आठवत नाही. ट्रॅकच्या बाजूने बोलणारेही बऱ्याचदा हेल्मेट घातलेल्या, गिअरच्या सायकलवरच्या तरुण कर्मचाऱ्याचेच चित्र रंगवतात. हा त्यांच्या मांडणीतील दुबळेपणा आहे. त्या तरुणाने घाम आणि पावसाचे कारण सांगून सायकल सोडली की त्यांचा युक्तिवादही संपतो; इडलीवाल्याला घामाचे कारण सांगण्याची सोय नाही.

पीसीयूचा हिशेब

निर्णयाच्या समर्थनार्थ दिलेला आकडा पीसीयूमध्ये आहे, म्हणून या एककाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. रस्त्यावर एक मोटार जेवढी जागा अडवते ती एक पीसीयू धरून बाकी वाहनांचे मूल्य त्या तुलनेत ठरवले जाते. भारतीय रोड काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत, वाहतुकीतील प्रमाणानुसार, बसला २.२ ते ३.७, रिक्षाला १.२ ते २, दुचाकीला ०.५ ते ०.७५ आणि सायकलला ०.४ ते ०.५ असे मूल्य दिले आहे. वाहनात किती माणसे आहेत याचा या मापात कुठेही उल्लेख येत नाही, आणि यात अभियंत्यांची लबाडी नाही. रस्त्याची रुंदी, सिग्नलची वेळ ठरवण्यासाठी हे माप बनले आहे. घोटाळा होतो तो सार्वजनिक जागा कुणाला द्यावी हे ठरवण्यासाठी तेच माप पुढे केले जाते तेव्हा.

समजा, वाढलेली क्षमता वरच्या टोकाची, म्हणजे ताशी ९०० पीसीयू आहे आणि ती सगळी मोटारींनी वापरली. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर १,३५० माणसे जातील. तेवढीच माणसे पन्नास प्रवाशांच्या २७ बसमधून गेली, तर सर्वांत जास्त मूल्य लावूनही जेमतेम १०० पीसीयू खर्च होतात. माणशी जागेचा हा फरक नऊ पटींचा आहे. दीड आणि पन्नास हे आकडे मी गृहीत धरले आहेत. वाचकाने मोटारीत दोन माणसे आणि बसमध्ये तीसच धरली तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

या हिशेबात सायकलची अवस्था विचित्र होते. ती मोटारींबरोबर मुख्य रस्त्यावर असते तोवर तिची ०.४ म्हणून नोंद होते. तिला वेगळा ट्रॅक दिला की ती रस्त्याच्या क्षमतेच्या हिशेबातून बाहेर पडते, आणि ट्रॅकची रुंदी ही ‘क्षमता नसलेली जागा’ ठरते. मग ती जागा रस्त्यात घेतली की क्षमता वाढल्याचे दिसणारच. वाढ खरी आहे, पण तुलना दोन वेगळ्या वह्यांतील आकड्यांची आहे. शिवाय ट्रॅक गेल्यामुळे इडलीवाला घरी बसणार नाही. तो आता तिसऱ्या, म्हणजे डावीकडच्या मार्गिकेतून ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने जाईल, मागची मोटार हॉर्न वाजवत मधल्या मार्गिकेत शिरेल, आणि कागदावरची क्षमता तेवढ्या प्रमाणात प्रत्यक्षात उतरणार नाही. त्याचा धोका वाढेल तो वेगळाच; त्याला पीसीयूत मोजता येत नाही.

समर्थकांच्या बाजूने

हा निर्णय निव्वळ मोटारवाल्यांच्या लाडासाठी घेतला असे म्हणणे अन्यायाचे होईल. बेस्टच्या बसही त्याच कोंडीत अडकतात, आणि रिक्षात तिघे दाटीवाटीने बसून स्थानक गाठणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तीन मिनिटे वाचली तर हवीच असतात. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांना तिसरी मार्गिका उपयोगी पडेल. दीड दशक ज्या जागेचा ठरलेला वापर झाला नाही, ती तशीच राखून ठेवण्याचे समर्थन नुसत्या तत्त्वाच्या आधारे करता येत नाही. मुंबईत रस्त्याची प्रत्येक फूटभर जागा कुणाच्या तरी गरजेची आहे.

पण मार्गिका वाढवल्याने वेळ वाचतो हे दोन अटींवर अवलंबून आहे. पहिली अट अशी, की कोंडी रस्त्याच्या मधल्या भागात असली पाहिजे. बीकेसीत संध्याकाळची रांग चौकांपासून मागे वाढत येते: कलानगर, कुर्ल्याकडचे तोंड, उन्नत मार्गाची चढण. चौकातून सिग्नलच्या एका फेरीत जितक्या गाड्या सुटतात तितक्याच सुटत राहिल्या, तर दोन ओळींत उभी असलेली रांग तीन ओळींत उभी राहील. ती लांबीने कमी दिसेल, वेळेने नाही. म्हणून मार्गिकेच्या जोडीने चौकांचीही फेररचना झाली तरच सात मिनिटांचा आकडा टिकण्याची शक्यता आहे. दुसरी अट म्हणजे रस्ता रुंद झाला म्हणून नवी वाहने येऊ नयेत. डुरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शहरांच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दाखवले, की महामार्गांवरील मार्गिकांची एकूण लांबी जेवढ्या प्रमाणात वाढते जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. बीकेसी हा पूर्व-पश्चिम जोडमार्ग असल्याने इथे नव्या गाड्या येण्याची वाट फार पाहावी लागणार नाही.

मुंबईतील आणि बाहेरील दाखले

बीकेसीच्या चर्चेत पवईचे नाव हमखास निघते, आणि ते चुकीच्या कारणासाठी निघते. पवई तलावाकाठी महापालिका बांधत असलेला सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करण्यास सांगितले, हे खरे. तिथला वाद पाणथळ जागेत भराव घालण्याचा होता. गजबजलेल्या रस्त्यावर सायकलला जागा असावी की नाही, याविषयी त्या निकालातून काहीच निष्पन्न होत नाही. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून आखलेला ३९ किलोमीटरचा मार्ग जलवाहिनीलगतच्या मोकळ्या केलेल्या जमिनीवर पुन्हा झोपड्या होऊ नयेत या विचारातून आला. २०१७ च्या अखेरीस नरिमन पॉइंट ते वरळी असा रविवार सकाळपुरता ट्रॅक सुरू झाला, तो हौशी सायकलस्वारांसाठी होता. या तिन्ही ठिकाणी सायकल आली ती सुशोभीकरण, जमीनरक्षण किंवा करमणूक यांच्या बोटाला धरून. कामावर जाण्याचे साधन म्हणून तिला जागा मिळाली ती बीकेसीत, आणि तिथलीच जागा काढून घेण्यात आली.

परदेशातील टोरांटोचा दाखला अधिक जवळचा आहे. ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून शहरातील ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन प्रमुख रस्त्यांवरील सायकल मार्गिका काढण्याचे ठरवले. कारण कोंडीचेच होते. जुलै २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने हे पाऊल घटनाविरोधी ठरवले. मार्गिका काढल्याने सायकलस्वारांच्या जिवाला धोका वाढेल, आणि कोंडी कमी होईल या दाव्याला मात्र पुरेसा आधार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. सरकारने त्यावर अपील केले. टोरांटोच्या त्या मार्गिका भरपूर वापरात होत्या, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. घेण्यासारखे एवढेच, की ‘कोंडी कमी होईल’ या विधानाला तिथे पुरावा मागितला गेला.

कुणी न मांडलेला मधला मार्ग

या प्रकरणात निर्णयाची वेळ मला सर्वांत जास्त खटकते. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षभरात ती मार्गिका कफ परेडपर्यंत पोहोचली. संकुलाच्या इतिहासात प्रथमच मोठ्या क्षमतेचे स्थानक त्याच्या पोटात आले, आणि स्थानकापासून कार्यालयापर्यंतचा एक-दीड किलोमीटरचा टप्पा हा खरा प्रश्न बनला. भाड्याच्या सायकली आणि कमी वेगाच्या विजेच्या दुचाकी याच टप्प्यासाठी असतात. २०२० मध्ये बीकेसीत युलू या कंपनीची अशीच सेवा सुरू झाली तीही याच कारणासाठी. सायकल ट्रॅकच्या उपयोगाचे सर्वांत बळकट कारण निर्माण होत असतानाच तो निरुपयोगी म्हणून मोडीत निघाला.

सगळा ट्रॅक ठेवा किंवा सगळा काढा, यांच्या मधला पर्याय उपलब्ध होता. आतल्या रस्त्यांवरील तुटक पट्ट्या सोडून द्याव्यात, आणि त्या बदल्यात वांद्रे स्थानक, मेट्रोचे बीकेसी स्थानक आणि कुर्ला स्थानक यांना जोडणारा एकच सलग, दोन्ही दिशांचा, उंच कडेने वेगळा केलेला ट्रॅक हट्टाने राखावा. मोटारींना बहुतेक रस्त्यांवर तिसरी मार्गिका मिळाली असती, सायकलला एकच रस्ता मिळाला असता, पण तो कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचणारा असता. यात कलानगर आणि सीएसटी रोड या संकुलाबाहेरच्या रस्त्यांवर महापालिका आणि वाहतूक पोलीस यांच्याशी वाटाघाटी कराव्या लागल्या असत्या, आणि बहुधा इथेच हा पर्याय मागे पडतो: स्वतःच्या हद्दीत फरसबंदी उखडणे एका प्राधिकरणाला एकट्याने जमते, दोन स्थानके जोडायला तीन यंत्रणांची संमती लागते.

तिसरी मार्गिका यशस्वी झाली की नाही हे ठरवण्यासाठी आता तरी सरासरी वेगापेक्षा वेगळ्या गोष्टी मोजायला हव्यात. गर्दीच्या एका तासात त्या रस्त्यावरून बस, रिक्षा, मोटार, सायकल आणि पायी मिळून किती माणसे गेली. डावी मार्गिका थांबलेल्या गाड्यांमुळे तासातील किती मिनिटे बंद राहिली. सकाळी सहा ते आठ या वेळेत किती सायकली गेल्या आणि त्यांचे किती अपघात नोंदले गेले. शीवचा पूल खुला होण्यापूर्वी एकदा आणि खुला झाल्यावर पुन्हा, अशी ही मोजणी दोनदा करावी लागेल. एरवी पुलामुळे सुटलेल्या कोंडीचे श्रेय मार्गिकेच्या खात्यावर जमा होईल. दुसऱ्या मोजणीत डावी मार्गिका थांबलेल्या गाड्यांनीच व्यापलेली आढळली, तर त्या पट्टीचे काय करायचे हा प्रश्न प्राधिकरणापुढे पुन्हा येईल, आणि या वेळी बसची स्वतंत्र मार्गिका हा पर्याय त्या यादीत सर्वांत वर असायला हवा.